गाडीचे आधण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची-पापड, भरतकाम, मुलांचे आजार, घरखर्चाची वही अशा कितीतरी विषयांवर बोलणे झाले. या खेपेस चिटणीसबाईंनी मला मोटारीवर बोलायला सांगितले, तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू फुटले. ते साहजिकच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या घरची चूल एका भाड्याच्या गाडीवर पेटते आणि त्या गाडीच्या दुरुस्तीचे प्रत्येक बिल माझ्या वहीत उतरते. बिल उतरवायचे तर पैसे कशाचे गेले हे विचारावे लागते, आणि विचारता विचारता कळत जाते. तेवढ्या शिदोरीवर मी आज बोलणार आहे. विषय एकच घेते : गाडी गरम का होते, दोष कोठे आहे हे कसे ओळखावे, आणि अशा वेळी आपण काय करावे व काय करू नये.

हे काम पुरुषांचे, असे कोणी म्हणेल तर तिला एक जुनी गोष्ट सांगते. मोटारीतून लांबचा पहिला प्रवास केला तो एका गृहिणीने. जर्मनीतल्या बर्टा बेन्झ या बाईंच्या नवऱ्याने, कार्ल बेन्झ यांनी, मोटार तयार केली खरी. पण ती घेण्यास लोक धजत नव्हते. तेव्हा 1888 सालच्या ऑगस्टमध्ये या बाईंनी आपली दोन मुले बरोबर घेतली आणि नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी गाडी नेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. त्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होई, पण ते पाणी वाफ होऊन उडून जाई. म्हणून वाटेत ठिकठिकाणी थांबून त्यांना पाणी भरावे लागले. तेलाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. म्हणजे मोटारीच्या पाण्याची पहिली काळजी वाहिली ती एका आईने. आपण मागे का राहावे?

आता इंजिनात पाणी लागतेच कशाला, ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते त्या क्षणी आतील ज्वाळेची उष्णता 2000 अंशांच्या वर जाते. आजच्या बहुतेक इंजिनांचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते. तेव्हा ती उष्णता सतत काढून नेली नाही तर इंजिन स्वतःच्याच आगीत जाईल. पेट्रोलची जी उष्णता होते तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला पाण्यामार्फत काढून टाकावा लागतो.

ही सारी व्यवस्था आपल्या स्वयंपाकघरातली समजा. इंजिनाच्या भिंतींत पोकळ वाटा असतात, त्यांतून पाणी खेळते. पाणी ढकलणारा तो पंप. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने पुढे रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तसे पाणी या जाळीत पसरून वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. 1901 सालच्या मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला, त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. तेव्हापासून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरण्याचा त्रास कमी झाला.

गाडी धावत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. ती उभी राहिली की मिळत नाही, म्हणून रेडिएटरला पंखा असतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. पाणी 80 ते 90 अंशांपर्यंत तापले की मेण फुगते व झडप उघडते; तोवर पाणी इंजिनातच फिरून ते लवकर ऊब धरते. आणि सगळ्यांवर ते झाकण. त्याला कॅप म्हणतात. हे झाकण म्हणजे आपल्या कुकरची शिट्टीच. कुकरमध्ये दाब धरल्यामुळे पाणी 100 अंशांवर न उकळता सुमारे 120 अंशांवर उकळते. गाडीतही तसाच दाब धरलेला असतो. झाकणाचे रबर सैल झाले तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. आपल्या कुकरचे रिंग सैल झाले म्हणजे शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते, त्यातलाच हा प्रकार.

आता कूलंटविषयी. हिरवे, गुलाबी किंवा निळे असे ते रंगीत पाणी असते. त्यात इथिलिन ग्लायकोल नावाचे द्रव्य असते. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून ते घालतात. आपल्या बदलापुरात पाणी गोठण्याची भीती नाही, मग ते कशाला, असे पुष्कळजण म्हणतात आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी ओततात. पण कूलंटचे आणखी दोन उपयोग आहेत. निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण दाबाशिवायही 106-107 अंशांपर्यंत उकळत नाही. आणि त्यातील औषधांनी आतला धातू गंजत नाही. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कांडीवर आणि बंबाच्या तळाशी पांढरी खपली धरते ती आपण सर्वजणी पाहतो. तीच खपली रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत धरते. मग वरून कितीही पाणी घाला, ते फिरतच नाही. केवळ रंगीत पाणी म्हणजे कूलंट, असेही समजू नये. आपल्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच घ्यावे, आणि दोन रंगांची भेसळ करू नये.

आपल्या भागाला हा विषय जास्त लागू आहे. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर उल्हासनगर आणि अंबरनाथ ओलांडताना गाडी धावते कमी, उभी राहते जास्त. सुटीच्या दिवशी आपण निघतो ते नेरळहून माथेरानला, नाहीतर बारवी धरणावरून मुरबाडमार्गे माळशेजला. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा चढ किती उभा आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात तेथे बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. आणखी एक गोष्ट पुराची. 2019 सालच्या 27 जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, त्या पुराची आठवण सर्वांना आहे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी आतून पुसून घेतात, पण रेडिएटरच्या जाळीत बसलेला गाळ तसाच राहतो. पावसाळ्यात तो कळत नाही. चैत्र-वैशाखात गाडी तापू लागते तेव्हा कळतो.

आपल्या वडील माणसांना फियाट आणि पद्मिनी आठवत असतील. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या होत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या जुन्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. आजच्या बहुतेक गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. म्हणून आज गाडी गरम झाली तर पाण्याइतकेच विजेकडेही पाहावे लागते. हे पुष्कळदा विसरले जाते, आणि त्याचा भुर्दंड आम्हांला पडला, तो सांगते.

2023 सालच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गाडीचा काटा वर चढू लागला. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडताच सांगितले, ‘रेडिएटर चोक झाला आहे, बदलावा लागेल.’ बदलला. तीन दिवसांनी काटा पुन्हा वर. मग तो म्हणाला, ‘पंप गेला असेल.’ शाळेची फी भरण्याचे दिवस, आणि पंपाचा खर्च पुन्हा हजारांत. मी आमच्या ह्यांना म्हटले, ‘थांबा, आधी माझी वही पाहू.’ काटा केव्हा चढला ते मी त्यांना विचारून तारीखवार लिहून ठेवले होते. चार वेळा चढला होता, आणि चारही वेळा गाडी रहदारीत उभी होती. मधल्या रविवारी भरल्या गाडीने माळशेज घाट चढली, तेव्हा काटा जागचा हलला नव्हता. पंप गेला असता तर तो घाटातच कळला असता, कारण चढावर इंजिनाला सर्वांत जास्त श्रम पडतात. शिवाय उतारूंची एक तक्रार लिहिलेली होती : गाडी थांबली की एसी गार हवा देत नाही, चालू लागली की देतो. एसीची जाळीही रेडिएटरच्या पुढेच असते आणि तिलाही तोच वारा लागतो. दोन्ही तक्रारी एका गोष्टीकडे बोट दाखवीत होत्या : उभ्या गाडीला वारा मिळत नाही.

बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा सुरू होतो. ह्यांनी अंगणात गाडी चालू करून एसी लावला. पंखा ढिम्म. मग दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने पंख्याला थेट बॅटरीची वीज दिली, तेव्हा तो भरभर फिरला. म्हणजे पंखाही चांगला होता. बिघडला होता तो रिले, म्हणजे वीज सोडणारी डबी. तिची किंमत काही शेकड्यांत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होऊन रेडिएटरचे पैसे मात्र गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे : ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगून गॅरेजला जायचे नाही, ‘कधी गरम होते’ हे सांगायचे. ताप आलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेताना ताप सकाळी येतो की रात्री, हे आपण सांगतोच ना?

तर ओळखण्याच्या खुणा अशा.

पहिली, गरम केव्हा होते? उभी असताना होत असेल आणि चालू लागताच उतरत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज व रिले पाहावे. घाटात किंवा भरधाव असताना होत असेल, तर पाणी कमी असणे, रेडिएटर तुंबणे, पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडणे यांपैकी काही असेल. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा भराभर चढत असेल, तर पाणी फारच कमी असेल, नाहीतर थर्मोस्टॅट बंदच अडकला असेल.

दुसरी, टाकी. इंजिन थंड असताना, सकाळी, प्लॅस्टिकच्या टाकीवर पाहावे. तिच्यावर दोन खुणा असतात. पाणी त्यांच्या मध्ये असावे. एकदा भरल्यावर पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर ते कोठेतरी जात आहे, हे नक्की.

तिसरी, जमिनीवरचे थेंब. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा. सकाळी रंगीत, चिकट डाग दिसला तर ती कूलंटची गळती. नळीचा सांधा, पंप किंवा रेडिएटर पाहावा. एसीखालून स्वच्छ पाणी टपकते ते हवेतले असते. त्याने घाबरू नये.

चौथी, धूर आणि तेल. पाणी कमी होते पण बाहेर थेंब नाही, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर व गोडसर वास येतो, टाकीत बुडबुडे येतात, किंवा तेल ताकासारखे दिसते, तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्यावी. गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले रिंगच. ते गेले की पाणी आत शिरते. मग गाडी चालवू नये, उचलून न्यावी. थंडीच्या सकाळी मात्र थोडी वाफ येतेच. ती गाडी तापली की थांबते.

पाचवी, हीटर. काटा वर आणि हीटर लावला तर थंड हवा, असे झाले तर पाणी संपले आहे किंवा आत हवा अडकली आहे.

गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचाराव्या. अमुकच भाग गेला हे कशावरून? दाब देऊन गळती तपासली का? आणि बदललेला जुना भाग दाखवाल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. आमचा दुसरा कारागीर उलट खूश झाला.

आता रस्त्यात गाडी तापली तर काय करावे. काटा चढू लागताच आधी एसी बंद करावा. खिडक्या उघडाव्या आणि हीटर पूर्ण लावावा. उन्हाळ्यात हीटर म्हणजे वेडेपणा वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. घाटात वरच्या गियरवर इंजिन ओढू नये, खालचा गियर घालावा. एवढ्याने काटा उतरला नाही, किंवा तांबडा दिवा लागला, किंवा वाफ दिसली, तर डावीकडे सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. त्या दोन किलोमीटरांत हेड वाकते, आणि हेडचा खर्च काही हजारांत भागत नाही. मुलांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

आणि येथे माझी हात जोडून विनंती आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नका आणि कोणाला उघडू देऊ नका. आत शंभर अंशांहून तापलेले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच दाब जातो, आणि ते सारे एकदम उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. वाफ असलेल्या कुकरचे झाकण कोणी ओढते का? निदान पाऊण तास थांबावे. वरची नळी जाड फडक्याने दाबून पाहावी. ती कडक व गरम असेल तर अजून थांबावे. मऊ पडल्यावर झाकणावर जाड, कोरडे, घडी घातलेले फडके ठेवून, तोंड बाजूला करून, झाकण किंचित फिरवावे. फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, मगच उघडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये; तापल्या काचेच्या भांड्यासारखे ते तडकू शकते. इंजिन निवल्यावर हळूहळू पाणी घालावे. कूलंट जवळ नसेल तर गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते पिण्याचे स्वच्छ पाणी चालते, मात्र नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

बोनेट उघडले की पदर, ओढणी आणि वेणी आवरून घ्यावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. पुरुषांना ही धास्ती कमी, म्हणून ते आपल्याला हे सांगत नाहीत.

कोणाला भाजलेच तर भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्या. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. तोंड, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर तडक दवाखाना गाठावा.

दुसरी धोक्याची गोष्ट, कूलंट चवीला गोड असते आणि ते विष आहे. थोडेसेही पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात, प्राणही जातो. ते सरबताच्या बाटलीत काढून ठेवण्याची पद्धत मी अनेक घरी पाहिली आहे. ती मोडा. मूळ डब्यातच, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. जमिनीवर सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन टाका; कुत्री-मांजरेही ते चाटतात. मुलाने प्यायल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे.

निगा फार नाही. आठवड्यातून एकदा टाकी पाहावी. नळ्या फुगल्या-चिरल्या आहेत का आणि पट्टा सैल आहे का, ते दर सर्व्हिसिंगला विचारावे. कूलंट पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावे. उन्हाळ्याच्या तोंडी जाळीतली पाने, कचरा व गाळ हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात. पुष्कळशा विजेच्या गाड्यांतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंट असते. पण तेथे विजेचा दाब फार मोठा असतो, म्हणून बाहेरून टाकी पाहण्यापलीकडे हात घालू नये.

भगिनींनो, गाडी दुरुस्त करायला शिका असे माझे म्हणणे नाही. दूध उतू जाण्याआधी ज्या नजरेला त्याचा फुगा दिसतो, तीच नजर त्या काट्याकडे असू द्या आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा. पैसा वाचेल, आणि कोणाचे तोंड भाजणे टळेल. सभा संपल्यावर आमची गाडी बाहेर उभी आहे. एव्हाना ती पूर्ण थंड झाली असेल. ज्यांना टाकी, झाकण आणि नळ्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील त्यांनी यावे, मी दाखवीन.